मास्तरांचा दुसरा आवाज

माझ्या वडिलांना दोन आवाज होते. पहिला जन्मासोबत आला होता आणि तो त्यांनी फारसा वापरलाच नाही. दुसरा सरकारी दवाखान्यातल्या एका बाकावर मिळाला, तो मात्र त्यांनी झिजेपर्यंत वापरला. नातेवाईक जमले की पहिल्याबद्दल हळहळतात. "काय गोड आवाज होता हो मास्तरांचा," असं म्हणून सुस्कारे सोडतात. मी गप्प बसते. आवाज गोड की कडू हे कळायला माणसाला आधी तोंड उघडावं लागतं, आणि वडील तोंड उघडत नसत.

ते शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, कानावर खडू, गळ्यात टेप. गिऱ्हाइकाशी बोलणं, तारीख देणं, तारीख चुकली की माफी मागणं ही सगळी खाती आईकडे होती. वडील फक्त "हं" म्हणत. एक "हं" होकाराचा, एक नकाराचा आणि एक म्हणजे आता निघा. माझं प्रगतिपुस्तक त्यांनी आयुष्यभर पहिल्या "हं"वर सही करून परत दिलं. टाचण्या काढून ठेवल्यावर तरी ते बोलतील असं लहानपणी मला वाटायचं. रात्री जेवताना त्या डबीत असत, तरी फरक काही पडत नसे.

या गप्पपणानेच घात केला. त्यांचा घसा बसला तेव्हा तो बसलाय हे घरात कुणाला कळलंच नाही. "हं" किती खरखरीत आहे याकडे कोण लक्ष देतं? एका गिऱ्हाइकाने आईला विचारलं, "मास्तरांना सर्दी आहे का हो? मागच्या वेळीही असाच आवाज होता." आईने आठवून पाहिलं, तर मागची वेळ म्हणजे बरेच महिने झाले होते.

गल्लीतल्या डॉक्टरने घशाचं औषध दिलं. ते संपल्यावर दुसरं दिलं. मग वडील सरकारी दवाखान्यात गेले. तिथे केसपेपर काढायची एक रांग, तो दाखवायची दुसरी, आणि दोन्ही पार करून आत पोचलं की घशात बघायची दुर्बीण बिघडलेली. पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात दुर्बीण बरी झाली होती, तर डॉक्टर रजेवर. वडील प्रत्येक वेळी "हं" म्हणून घरी येत आणि मशीनवर बसत. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तेव्हा कॉलेजात होता. त्याने शेवटी हट्ट धरून त्यांना एका खाजगी तज्ज्ञाकडे नेलं. तिथे मऊ खुर्ची होती, रांग नव्हती आणि दुर्बीण चालू होती. डॉक्टरांनी एकदाच आत पाहिलं आणि दादाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आधी आला असतात तर कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं.

"रांगेने बाबांचा आवाज खाल्ला," हे वाक्य दादाने तेव्हापासून उराशी धरलं आहे. त्याचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही धरलं असतं.

खाजगीत ऑपरेशन करणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून ते झालं त्याच रांगवाल्या दवाखान्यात. आणि ते उत्तम झालं, हेही सांगायला हवं. लांबच लांब वॉर्ड, दोन्ही भिंतींना खाटा, मधून जाणारी ट्रॉली नेहमी एका चाकाने कुरकुरणारी. तिथे रोग्याला नावाने कुणी हाक मारत नसे. "ए गळा, पाय आवर." "पित्ताशय, तुझे नातेवाईक बाहेर काढ." मोठ्या सिस्टर सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा खेकसत, आणि त्याच सिस्टर दुपारी वडिलांच्या नळीतला कफ इतक्या हलक्या हाताने काढत की ते डोळे मिटून घेत. पुढे बोलायला लागल्यावर वडील त्या सर्जनबद्दल सांगताना आरसा समोर धरून मान वर करत. "टाके बघ. रेशमावरसुद्धा मला असे जमायचे नाहीत."

पण ते पुढचं झालं. ऑपरेशननंतर ते घरी आले तेव्हा मानेत खाली एक भोक होतं. श्वास आता तिथून चालायचा. नाकातोंडाचा आणि छातीचा संबंध कायमचा तुटला होता. फुंकर घालता येत नव्हती, वास येत नव्हता, आणि "हं" गेला होता. तो "हं" जाईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रगतिपुस्तक घेऊन मी समोर उभी राहिले, त्यांनी सही केली आणि नुसती मान हलवली. मी मोरीत जाऊन खूप रडले. एवढ्याशा हुंकारासाठी माणूस इतकं रडतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तपासणीला मंगळवारी जावं लागे. घशाच्या विभागाबाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी एक लाकडी बाक होता. त्यावर मानेला रुमाल बांधलेली चार-पाच माणसं बसलेली असायची. आम्हाला वाटलं, आपल्यासारखेच नंबर लावून बसलेत. एकदा त्यातला एक जाडजूड गृहस्थ उठला, वडिलांचं मनगट धरलं आणि म्हणाला, "नवे का?"

तो आवाज कसा सांगू? पोटातून आलेला, जाड, ओला, तुटक. ढेकर द्यावा आणि त्या ढेकराला शब्दांचा आकार द्यावा, तसा. तो खरंच ढेकरच होता. हे गृहस्थ निवृत्त बसड्रायव्हर, त्यांना सगळे भोंगाकाका म्हणत. त्यांचंही स्वरयंत्र याच दवाखान्यात काढलं होतं. तोंडातली हवा अन्ननलिकेत ढकलायची आणि ती वर येताना तिच्यावर बोलायचं, ही युक्ती त्यांना त्यांच्या आधीच्या रोग्याने शिकवली होती, त्याला त्याच्या आधीच्याने. कुठल्या डॉक्टरने हे सुरू केलं नव्हतं, कुठे पाटी नव्हती. ज्याला बोलता आलं त्याने मंगळवारी बाकावर येऊन दुसऱ्याला बोलतं करायचं, एवढा एकच रिवाज.

"मास्तर, ढेकर देता का?" भोंगाकाकांनी विचारलं.

वडिलांनी तोंड वाकडं केलं आणि ते उठले. आमच्या घरात ढेकर म्हणजे असभ्यपणाचा कळस. आईने त्यावरून दादाला ताटावरून उठवलं होतं. पण भोंगाकाकांनी मनगट सोडलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर बस हाकली होती, माणसाला मध्येच उतरू देण्याची त्यांना सवय नव्हती.

"लाज वाटते ना? वाटू दे. मलाही वाटली. रडायचं ते घरी, इथे ढेकर द्यायचे. म्हणा, टा-का."

शिंप्याला शब्द कोणता द्यायचा हे त्यांनी बरोबर हेरलं होतं, आणि त्यात युक्तीही होती. ट, क, प अशा अक्षरांना हवा आपोआप आत ढकलली जाते. म आणि ह फार जड. वडील घरी मशीनवर बसून तोंड मिटत, गाल आत ओढत, मान ताणत, आणि काही म्हणजे काही येत नसे. आई भांडी जोरात आपटायची, म्हणजे नको तो आवाज आलाच तर ऐकू येऊ नये. पूर्ण पावसाळा असाच गेला. मग एका दुपारी गिऱ्हाईक कोटाचं माप देत उभं असताना वडिलांच्या आतून "टाका" असा स्वच्छ शब्द आला. गिऱ्हाईक दचकलं. आईने आतून विचारलं, "कोण आलंय?"

यानंतर जे झालं त्याला आम्ही कुणीच तयार नव्हतो. भोंगाकाकांचा हुकूम होता की आवाज टिकवायचा तर रोज वापरायचा. वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचायचं आणि दुकानात येईल त्याच्याशी चार वाक्यं तरी बोलायची. वडील हुकमाचे पक्के. आधी चार वाक्यं मोजून बोलत. मग मोजणं सुटलं. वर्षभरात आमच्या घरी एक असा माणूस राहायला आला ज्याच्या तोंडाला खळ नव्हता. कॉलरच्या फॅशनवर मतं, गिऱ्हाइकांच्या पोटाच्या घेरावर मतं, सरकारवर तर विचारूच नका. लहानपणी ते मामाकडे काजं करायला शिकले, सुई बोटात गेली म्हणून मार खाल्ला, तेव्हापासून बोलणंच बंद केलं, हे मला त्या आवाजात कळलं. आईला पाहायला गेले तेव्हा तिच्या ब्लाउजची बाही कुणीतरी चुकीची लावली होती आणि ते सगळा वेळ तिकडेच बघत होते, हेही.

"म्हणजे माझ्याकडे बघितलंच नाहीत," आई म्हणाली.

"बाहीकडे बघितलं. बाही तुझीच होती," वडील म्हणाले.

ते आईला आमच्यासमोर कधी नावाने हाक मारत नसत. पण तिचं नाव क-ने सुरू होतं, आणि क त्यांना झकास जमायचा. "अगं" मात्र येता येत नसे. त्यामुळे नाइलाज म्हणून ते दिवसातून कितीदा तरी तिचं नाव घेऊ लागले. आई लाजून पदराशी चाळा करायची. भांडी आपटणं कधी थांबलं ते आठवत नाही. माझं घरातलं नाव म-चं होतं, ते त्यांनी सरळ रद्द केलं आणि मी ठकी झाले. मी आजही ठकीच आहे, आता तसं म्हणणारं कुणी उरलेलं नसलं तरी.

मंगळवारी दुकान बंद. वडील इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर जात. शर्टही त्यांचाच शोध. दुसऱ्या बटणाला काज नाही, बटण वरून नुसतं शिवलेलं, म्हणजे तिथल्या फटीतून रुमाल आत घालून भोक पुसता येई आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. बाकावरच्या प्रत्येकाला असा शर्ट मिळाला. भोंगाकाका गेल्यावर मनगट धरायचं काम आपसूक वडिलांकडे आलं. एक हमाल, एक गणिताच्या बाई, एक तुरुंगातला शिपाई. त्या बाईंनी नव्या आवाजात वर्गात पाढा म्हणवून घेतला तेव्हा वडिलांनी घरी येऊन आम्हाला तो पाढा म्हणून दाखवला. ते दिवस फार चांगले होते. एका माणसाला कॅन्सर होऊन गेल्यानंतरच्या दिवसांना चांगलं म्हणणं विचित्र दिसतं, पण आमच्या घरात खरं बोलणं सुरू झालं ते तेव्हा.

मग खूप वर्षांनी त्यांना घास अडकू लागला. आधी पोळी, मग भात, मग दूधसुद्धा. दादाचा आता उत्तम जम बसला होता. सरकारी दवाखान्याचं नाव काढताच त्याने हात जोडले. "एकदा रांगेत उभं केलं तेवढं पुरे," म्हणाला आणि वडिलांना गावातल्या सर्वांत मोठ्या खाजगी हॉस्पिटलात घेऊन गेला.

तिथे सगळं मऊ होतं. दार आपोआप उघडायचं, बायका हळू बोलायच्या, वडिलांना सगळे "सर" म्हणायचे. पहिल्यांदा कुणी सर म्हटलं तेव्हा वडिलांनी मागे वळून पाहिलं. त्याच दिवशी सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर वडिलांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, कागदावर चित्र काढून दाखवलं, आणि काही लपवलं नाही. अन्ननलिका आकसली आहे. ती मोठी करता येईल, घास जाईल. पण तिच्याच भिंतीच्या थरथरीवर तुमचा आवाज आहे, तो राहील असं वचन देता येत नाही.

"पोट आधी," वडील म्हणाले. "शिंपी उपाशी मेला तर टाका कोण घालणार?"

त्यांना स्वतंत्र खोली मिळाली. खिडकी, पलंग वरखाली करायचं बटण, शांतता. संध्याकाळपर्यंत वडील वैतागले. बोलायला कुणी नव्हतं. ते घंटी दाबत, सिस्टर धावत येई, "काही हवंय का सर?" आणि ते तिला विचारत, तुझ्या ड्रेसची फिटिंग कुणी केली? तीन-चारदा असं झाल्यावर ती हसून निघून गेली, तिलाही कामं होती. मला म्हणाले, "ठकी, इथे माणसाची बडदास्त छान आहे. पण शेजारी कोण झोपलंय हेच कळत नाही. तिथे मला पित्ताशय रोज सकाळी विचारायचं, गळा, झोपलास का?"

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. घास जाऊ लागला. आवाज गेला.

आधी वाटलं सूज आहे, उतरेल. सूज उतरली. वडील गाल ओढत, मान ताणत, टा म्हणायला जात, आणि नुसती ओठांची फट हले. घर पुन्हा जुन्यासारखं गप्प झालं. फरक एवढाच की तेव्हा आम्हाला दुसरं काही माहीत नव्हतं. आई वडिलांच्या तोंडाकडे बघत बसायची. मला त्यांचा पहिला आवाज आठवतसुद्धा नव्हता आणि या दुसऱ्यासाठी जीव तुटत होता.

हॉस्पिटलने एक स्पीच थेरपिस्ट दिली होती. पोरगेली, हुशार, अगदी मनापासून शिकवणारी. तिने जिभेचे, पोटाचे सगळे व्यायाम करून घेतले. वडिलांनी खडूने कटिंगच्या टेबलावर लिहिलं, "बाक." मी तिला बाकाची सगळी हकिगत सांगितली. तिने व्यायामाचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "आजोबा, हे कसं करायचं ते मी सांगू शकते. करून दाखवू शकत नाही. तुम्ही जा तिकडे."

दादा कुरकुरत का होईना, स्वतः गाडी घेऊन आला. सरकारी दवाखाना आता ओळखू येत नव्हता. नवी इमारत, नंबर दाखवणारे पडदे, दुर्बिणीच्या खोलीबाहेर रांगसुद्धा नाही. दादा तो पडदा बराच वेळ बघत उभा राहिला. बाक मात्र कुठेतरी मागच्या व्हरांड्यात सरकवलेला सापडला. त्यावर कुणी नव्हतं. जुन्यांपैकी जगात कुणी उरलं नव्हतं आणि घास अडकू लागल्यापासून वडिलांचंच येणं सुटलं होतं. ते रुमाल नीट करून बसले. पुढच्या मंगळवारी गेलो, त्याच्या पुढच्या मंगळवारी गेलो. वडील एकटेच बसून गाल ओढत राहायचे आणि मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी.

मग एके दिवशी पॉलिश केलेल्या बुटांचा एक माणूस व्हरांड्यात आला. मानेला रुमाल, सोबत बायको. वकील होता. त्याच खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालेलं, आणि त्याच थेरपिस्टने पत्ता सांगून पाठवलेला. बायको म्हणाली, "इथे शिकवतात म्हणे. कोण शिकवतं?"

मी वडिलांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे मान हलवतील आणि आम्ही घरी जाऊ. त्यांनी वकिलाच्या शर्टाकडे नजर टाकली, ती दुसऱ्या बटणाशी थांबली, आणि हात पुढे करून त्याचं मनगट धरलं.

शिकवणं सुरू झालं, पण ते मुक्याने. वडील त्याचा हात स्वतःच्या पोटावर ठेवत, ओठ मिटून हवा आत ढकलून दाखवत, चुकलं की त्याच्या गालावर टिचकी मारत. मी मधे दुभाषी. वडील स्वतःही त्याच्याबरोबर प्रत्येक वेळी प्रयत्न करायचे, हे मला दिसत होतं. दोघे समोरासमोर बसून एकदमच गाल ओढायचे. मनात मी दोघांच्याही नावाने बोलत होते, येऊ दे, येऊ दे. एका मंगळवारी आला. वकिलाच्या तोंडून, जाड आणि ओला, "का." त्याची बायको रडायला लागली. वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि ते रडले. त्याला आला आणि आपल्याला आता यायचा नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दादाने गाडी बाजूला घेतली.

तरी मंगळवार चुकला नाही. वकील भराभर शिकला, बोलण्याचीच भाकरी खाणारा माणूस तो. वडिलांनी त्याला बिनकाजाचे दोन शर्ट शिवून दिले.

पुढे एका दुपारी मी माहेरी होते. स्वयंपाकघरात आईने फोन उचलला, क्षणभर ऐकलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी हातातलं काम टाकून बघत राहिले.

"अहो, आहात कुठे तुम्ही?" ती रागावूनच म्हणाली, पूर्वी बाकावर उशीर झाला की म्हणायची तशी. "जेवायची वेळ टळून गेली. फोन करायला आत्ता सुचलं? किती वाट बघायची माणसाने?"

वडील दारात उभे होते. दुपारभर ते दुकानातच होते, चहाचा रिकामा कप घेऊन आत आले होते. आईने वर पाहिलं, त्यांना पाहिलं, आणि फोन तसाच कानाला धरून राहिली. पलीकडून वकील गोंधळून काहीतरी विचारत होता. जाड, तुटक, त्याच ठिकाणी श्वास घेत, त्याच ठिकाणी शब्द तोडत. दुसरं कुणी त्याला शिकवलंच नव्हतं, तर तो आणखी कसा बोलणार होता?

मला वाटलं ती फोन ठेवेल. तिने हळूच डोळे पुसले.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "चूक झाली माझी. पण ठेवू नका. बोलत राहा. काहीही बोला."

वडिलांनी कप ओट्यावर ठेवला, ते तिच्याजवळ जाऊन बसले आणि दुसऱ्या बाजूने फोनला कान लावला. वकील बोलत होता, पुढच्या महिन्यातल्या कुठल्याशा तारखेबद्दल.